पणजोबांच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर

मिरजेहून एका वाचकांनी सविस्तर पत्र आणि सोबत चार फोटो पाठवले आहेत. वडिलांच्या निधनानंतर जुना वाडा विकायचं ठरलं. माळा आवरताना पितळी कोयंड्याची एक शिसवी पेटी निघाली. आत मोडीतल्या कागदांचा गठ्ठा, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं तळहातात मावेल एवढं रिव्हॉल्व्हर. बरोबर हिरवट पडलेली चार काडतुसं. पणजोबा कोल्हापूर संस्थानच्या जंगल खात्यात होते. शाहू महाराजांनी एका शिकारीत खूश होऊन त्यांना हे रिव्हॉल्व्हर दिलं, असं थोरल्या आत्या सांगतात. नळीवरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुलडॉग’ असं कोरलेलं आहे. या नावाने इंटरनेटवर शोधल्यावर वाचकांना काही हजार डॉलरचे आकडे दिसले. पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी रोख वीस हजार द्यायला तयार आहे, न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो इकडे पाठव, आणि मेहुणे म्हणतात विहिरीत टाक, डोक्याला ताप नको. त्यांचे प्रश्न असे: हे नक्की काय आहे, कुठलं, किती जुनं? किंमत काय येईल? आणि गंजून घोडा अडकलाय, चक्र फिरत नाही, म्हणजे परवाना लागणार नाही ना?

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. परवान्याशिवाय ते घरात ठेवता येणार नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे हे खरं. तुम्हाला कुणी परिचितांनी सांगितलं असेल तर ते तेवढंच. पण त्याच वाक्यात पुढची अट आहे: ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. घोडा गंजाने अडकणं हा बिघाड झाला. चांगला कारागीर तो काही तासांत सोडवू शकतो. त्यामुळे ‘चालत नाही’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका, आणि सूट लागू होते की नाही हे घरी बसून तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही. ते तज्ज्ञाने तपासून लेखी द्यायचं असतं. वेळ पडल्यास ते काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातं.

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं, शिवाय दंड अशी आहे. काडतुसांनाही हाच कायदा लागू आहे. हे वाचून घाबरू नका. ताबा म्हणजे जाणीव असलेला ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. माळ्यावर बंद पेटीत काय आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तोवर प्रश्न वेगळा होता. आता माहीत झालं आहे. म्हणून आता दिवस घालवू नका. उद्या-परवा करता करता दिवाळी उलटली तर ‘आम्हाला नुकतंच सापडलं’ हे तुमचं खरं सांगणंही कुणाला पटणार नाही.

त्याही आधी एक गोष्ट. चक्र फिरत नाही म्हणजे त्यातली गोळ्यांची पाचही घरं रिकामी आहेत की नाहीत हे तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा ते भरलेलंच आहे असं धरून चाला. तेल सोडून खटपट करू नका, ठोकू नका, तापवू नका, नळीत डोकावू नका. पत्रात तुम्ही नळीचं तोंड पट्टीने मोजल्याचं लिहिलंय, तेही पुन्हा नको. शंभर वर्षांची दारू निकामी झालेली असतेच असं नाही. फडक्यात होतं तसं ठेवा, पेटीला कुलूप लावा, किल्ली तुमच्याजवळ. काडतुसं वेगळ्या डब्यात, कोरडी. घरात नातवंडं आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना आणि हौशी पाहुण्यांना पेटी दाखवणं बंद. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले असतील तर काढून टाका.

मग फौजदारी काम करणारा एखादा वकील गाठा आणि जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. वडील कधी वारले, वाडा कुणाच्या नावावर, पेटी कोणत्या तारखेला कुणाच्या समोर उघडली, आत काय काय निघालं. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून स्कूटरवर ठाण्यात नेऊ नका. विनापरवाना शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरणं हा आणखी एक घोटाळा होईल. अधिकाऱ्यांनी घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यावं अशी विनंती अर्जातच करा. ताब्याच्या पावतीत नुसतं ‘एक जुने रिव्हॉल्व्हर’ असं लिहून घेऊ नका. त्यावरची अक्षरं, आकडे, खुणा, लांबी, मुठीचं लाकूड, कुठे काय तुटलंय, हे सगळं यायला हवं. पुढे हीच पावती तुमचा मुख्य दस्तऐवज ठरणार आहे.

कलम 21 प्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. परवानगी मिळाली तर मी विक्रेत्याचा पर्याय सुचवेन. तो ठेवणावळ घेईल, पण वस्तू कोरडी आणि तेलपाणी केलेली राहील. ठाण्याच्या कोठारात चार पावसाळे काढलेलं शस्त्र बाहेर येतं तेव्हा बघवत नाही. जमा केल्याने हक्क जात नाही. वारसाला परवाना मिळवून ते परत घेता येतं, किंवा पात्र माणसाला विकता येतं. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होतं. म्हणून जमा केलं त्याच दिवशी मुदत विचारून घ्या आणि ती पावतीवर लिहून मागा.

आता ज्याची तुम्ही वाट बघताय ते. हे रिव्हॉल्व्हर इंग्लंडचं नाही, बेल्जियमचं आहे.

‘ब्रिटिश बुलडॉग’ हे मूळ नाव बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली अँड सन या कारखान्याचं. 1872 मध्ये त्यांनी अडीच इंची नळीचं, पाच गोळ्यांचं, कोटाच्या खिशात मावणारं दणकट रिव्हॉल्व्हर काढलं. ते इतकं खपलं की युरोपात आणि अमेरिकेत त्याच्या नकला निघाल्या. सगळ्यात जास्त निघाल्या बेल्जियममधल्या लीज शहरात. तिथे बंदुका बनवण्याचा धंदा कित्येक शतकांचा. एक कारागीर नळी करणार, दुसरा चक्र, तिसरा मूठ, आणि व्यापारी सगळं जुळवून गिऱ्हाईक मागेल ते नाव त्यावर कोरून जगभर पाठवणार. इंग्रजांच्या वसाहतीत माल जायचा म्हणून नाव इंग्रजी. गिऱ्हाइकाला फसवायला म्हणा, खूश करायला म्हणा.

हे मी अंदाजाने सांगत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत चक्रावर लंबगोल आहे, त्यात ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली चांदणी. ही लीजच्या तपासणीगृहाची खूण. जास्त दारू घालून बार काढून बघितल्याशिवाय तिथून शस्त्र विकता येत नसे. लंबगोलाच्या डोक्यावर छोटा मुकुट आहे. तो मुकुट 1893 च्या जुलैपासून मारायला लागले. त्याआधीच्या मालावर नुसता लंबगोल असतो. तिसऱ्या फोटोत नळीच्या बुडाशी मुकुटाखाली इंग्रजी ‘आर’ दिसतो. आतून पिळाच्या खाचा असलेल्या नळ्यांवर ही खूण 1894 पासून येते. शेजारी चांदणीखाली एक अक्षर आहे, ती तपासणाऱ्याची निशाणी. 1877 च्या आधी त्या जागी मुकुट असायचा. उलट बर्मिंगहॅमचं असतं तर मुकुट आणि एकमेकांवर तिरके टाकलेले दोन राजदंड दिसले असते. वेब्लीची पंख असलेली गोळी दिसली असती. त्यातलं काहीही फोटोंत नाही. आणि 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजांनी लीज घेतल्यावर तो धंदा थांबला. तेव्हा तुमचं रिव्हॉल्व्हर बहुधा 1894 ते 1914 च्या दरम्यानचं. ते लीजला घडलं तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराजच होते. आत्यांची गोष्ट निदान काळाशी जुळते.

नळीचं तोंड तुम्ही आठ मिलिमीटर मोजलंय. ते बरोबर असेल तर हे 320 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप), म्हणजे बुलडॉगच्या घराण्यातलं धाकटं. 450 बोअरच्या नळीचं तोंड साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरतं. बोअर शस्त्रविक्रेत्याकडून नीट मोजून घ्या, कारण काही बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत आणि परवान्याचा अर्ज त्यावर अडतो. आणि बोअर जवळचा दिसतो म्हणून कुणी आजचं 32 चं काडतूस घालून ‘चालतंय का बघू’ म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. हे पोलाद काळ्या दारूसाठी घडवलं होतं. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब वेगळा असतो. चक्र हातात फुटू शकतं.

चक्रावर आणि चौकटीवर जो तीन आकडी क्रमांक आहे त्यावरून कारखाना किंवा साल शोधायला जाऊ नका. असे आकडे बहुतेक वेळा सुटे भाग एकमेकांशी जुळवण्यापुरते असत. पण तो क्रमांक घासून काढायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका, ओळखीच्या खुणा पुसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पट्टीच्या मागच्या टोकाला जी पुसट अक्षरं आहेत त्यांचं मला जास्त कुतूहल आहे. ती विकणाऱ्या दुकानाची असण्याची शक्यता आहे. कलकत्त्याचे मँटन, रॉडा, किंवा मुंबईचं आर्मी अँड नेव्ही, ज्याची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे, असे मोठे विक्रेते आपलं नाव शस्त्रावर घालून घेत. ती अक्षरं तिरप्या उजेडात, भिंग लावून, शस्त्रविक्रेत्याच्या हातून वाचून घ्या. दुकानाचं नाव निघालं तर रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानात कोणत्या वाटेने आलं हे कळेल.

किमतीचं सरळ सांगतो. तुम्ही बघितलेले हजारो डॉलरचे आकडे खऱ्या वेब्लीचे, पेटीसकट असलेल्या, नक्षीच्या किंवा कुणा प्रसिद्ध माणसाच्या नगांचे असतात. साधी, झिजलेली बेल्जियन प्रत अमेरिकेतसुद्धा काहीशे डॉलरच्या आतबाहेर जाते. शिवाय तिथले भाव तिथल्या कायद्यावर उभे आहेत. 1898 अखेरपर्यंत बनलेल्या शस्त्रांना तिथे केंद्रीय कायद्यातून मोठी मोकळीक आहे, म्हणून छंदिष्ट लोक ती सहज घेतात. आपल्याकडे ती मोकळीक नाही, म्हणून तसा बाजारही नाही. चुलतभावाला नम्रपणे नाही सांगा. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यात हे शस्त्र, म्हणजे दुहेरी बंदी.

पुण्याच्या व्यापाऱ्याचे वीस हजार तर घेऊच नका. परवाना न पाहता, कागद न करता रोख द्यायला जो तयार आहे तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करतोय. ते पुढे कुणाच्या हातात जाईल यावर तुमचा काही ताबा राहणार नाही. कायदेशीर विक्री परवानाधारकालाच होते, आणि तीही विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस उलटल्यावर. विहिरीचा पर्यायही तितकाच वाईट. तुमचा मेहुणा काळजीपोटी बोलतोय हे मला कळतं, पण शस्त्र नाहीसं केलं तर ते कुठे गेलं याचा पुरावा तुमच्याकडे उरणार नाही, आणि ज्या कुटुंबाने ते शंभर वर्षं सांभाळलं त्यांच्या हाती काहीच राहणार नाही. विहीर उपसली की ते कुणाच्या तरी हाती लागेल हे वेगळंच.

आणि ते घासू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. पितांबरी, राख, चिंच, वाळूचा कागद, निकेलचं पाणी, यातलं काहीही नको. मुठीच्या अक्रोडाला पॉलिशही नको. काळाने चढलेला तो तपकिरी थर पाहूनच जाणकार माणूस वस्तू अस्सल म्हणतो. चकचकीत केलेल्या जुन्या शस्त्रावरच्या खुणा पुसट होतात, आणि तुमच्या बाबतीत तर ओळख सगळी त्या चिमुकल्या खुणांवरच आहे. गंज थांबवायचा असेल तर परवानाधारक कारागीर पातळ तेलाचा हात फिरवेल, तेवढं पुरे.

मग मोल कशात आहे? माझ्या मते पेटीतल्या त्या मोडी गठ्ठ्यात. तुम्ही पत्रात त्याला अर्धी ओळ दिलीय, मी त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला असता. 2 जुलै 1881 ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गिटो नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या त्या बुलडॉग जातीच्याच रिव्हॉल्व्हरने. ते पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं आणि तिथून गहाळ झालं. आज कुणी तसंच रिव्हॉल्व्हर घेऊन ‘हेच ते’ म्हणाला तर कागदावाचून त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शाहू महाराजांच्या भेटीचंही तसंच आहे. मी आत्यांना खोटं म्हणत नाही. महाराजांचा शिकारीचा नाद सगळ्यांना माहीत आहे, आणि जंगल खात्यातला माणूस शिकारीत त्यांच्या आसपास असणं अगदी शक्य आहे. पण राजाकडून मिळालेल्या शस्त्रावर बऱ्याचदा नाव, तारीख किंवा मुद्रा असते, ती इथे दिसत नाही. म्हणून कागद शोधायचा.

इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्र कायदा आणल्यापासून हत्यार बाळगणं परवान्याशी बांधलं गेलं. पणजोबांकडे संस्थानचा परवाना, नेमणुकीचा हुकूम, बक्षिसाची याद, निदान काडतुसांच्या खरेदीची पावती असायला हवी. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्या सुमाराची एखादी नोंद किंवा नूतनीकरणाचा कागद मिळाला तर फारच मोलाचं, कारण रिव्हॉल्व्हर घरात अधिकृतपणे होतं हे त्यावरून दाखवता येईल. गठ्ठा स्वतः उलगडू नका, जुना कागद घडीवर तुटतो. मोडी वाचणारी जाणती मंडळी कोल्हापुरात आणि पुण्यात आहेत. आधी प्रत्येक पानाचा फोटो, मग वाचन. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी दफ्तर आहे. पणजोबांचं नाव, खातं आणि अंदाजे साल घेऊन तिथे अर्ज करा. आणि आत्यांचं वय तुम्ही 88 लिहिलंय. त्यांच्यासमोर बसा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगू द्या. कोणतं जंगल, कोणता प्राणी, कुणी कुणाला सांगितलं. ‘शाहू महाराजांनी दिलं ना?’ असं तोंडात घालू नका. त्यातल्या एखाद्या गावाचं नाव दफ्तरातल्या नोंदीशी जुळलं तर गोष्टीला पाय फुटतील.

पुढे काय करायचं ते सगळ्या भावंडांनी मिळून ठरवा. ठेवायचं असेल तर वारसांपैकी एकाने जिल्हाधिकारी कार्यालयात, सांगलीला, वारसाहक्काने परवान्याचा अर्ज करायचा आणि बाकीच्यांनी ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तिथे हा अर्ज आयुक्तांकडे जातो. ज्याच्याकडे आधीच दोन बंदुका आहेत त्याला तिसरी मिळणार नाही, वारशाने आली तरी नाही. एवढा व्याप नको असेल तर एखाद्या संग्रहालयाला पत्र लिहून विचारा. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रं जपलेली आहेत. पण तिथेही ‘रिव्हॉल्व्हर घ्याल का’ असं विचारू नका. पेटी, मोडी कागद, आत्यांचं रेकॉर्डिंग आणि रिव्हॉल्व्हर हा एकत्र संच आहे असं लिहा. सुटं बेल्जियन बुलडॉग कुणालाही नवलाचं वाटणार नाही. कोल्हापूरच्या जंगल खात्यातल्या एका माणसाची पेटी, तिच्यातल्या कागदांसकट, अभ्यासकाला हवी असते. भावंडांना मान्य असेल तर मी हाच मार्ग घ्या म्हणेन.

अर्जाचा मसुदा वकिलांना दाखवून या आठवड्यातच ठाण्यात द्या. ताब्याची पावती हाती आली आणि पट्टीवरची ती पुसट अक्षरं वाचून झाली की मला पुन्हा लिहा. दुकानाचं नाव निघालं तर ते दुकान कोणत्या वर्षांत चालू होतं ते बघू, आणि वीस वर्षांची ही तारीख आणखी आवळता येते का ते पाहू.